वहीत फक्त आकडे लिहायचे

१० नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरबाईंनी ही दोनशे पानी वही हातात दिली आणि बजावलं, "उज्वला, हिच्यात फक्त आकडे लिहायचे. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, इन्सुलिन किती घेतलंस, काय खाल्लंस. पुढच्या वेळी वही घेऊन यायची." बरं. आजचे आकडे: उपाशीपोटी १६८, दुपारी २१०, संध्याकाळी १९५. डावं पान भरलं. उजवं कोरं आहे, ते माझं. माझ्या डोक्यात शिजतं ते कुठेतरी ओतायला पाहिजे, नाहीतर एक दिवस तांब्या कुणाच्या तरी टाळक्यात बसेल.

मला चौदाव्या वर्षापासून शुगर आहे. म्हातारपणी होते ती नव्हे. माझ्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते सुईनं घ्यायचं, रोज चार वेळा, जन्मभर. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी हे उघड सांगितलं होतं. मल्हार म्हणाला, चालतंय. त्याची आई सारजाबाई, म्हणजे माझी सासू, भर बैठकीत म्हणाली, "रोज सुई टोचायला ती काय आजारी मेंढरू हाय का?" तिथून आमचं जे फाटलं ते फाटलंच.

दोन वर्षांपूर्वी दिवस राहिले तेव्हा हीच म्हातारी माझ्या मागे लागली, "पोटात सुई नगं घेऊस, लेकराला लागंल." मी शिकलेली, बीए झालेली, तरी घाबरले. निम्म्या सुया चुकवल्या. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगी होती. म्हातारीला मी माफ करणार नाही, आणि तिचं ऐकलं म्हणून स्वतःला तर मुळीच नाही.

आता तीन महिन्यांची सरासरी ८.६ आली आहे. ती साडेसहाच्या खाली आल्याशिवाय दिवस राहू द्यायचे नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांत घडतं, म्हणून तयारी आधीपासून." मागच्या वेळी मला हे कुणी का नाही सांगितलं?

१४ जानेवारी, मंगळवार

उपाशीपोटी १०४, दुपारी १३८. आज संक्रांत. कासार आंबोलीतल्या एकूण एक बाईनं मला तिळगूळ देऊन पाहिला. "एकानं काय हुतंय गं?" काय होतंय ते तुमच्या अंगणात नाही झालं, माझ्या पोटात झालं. चार जणींना गोड बोलले, पाचवीला म्हटलं, "तुमीच खावा, माझ्या वाटणीचा बी." ती फुगून बसली. बसू दे.

एक नवल. म्हातारीनं मला तिळगूळ दिला नाही. मल्हारनं डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं घरी येऊन सांगितलं होतं, शुगर फार खाली गेली तर काय होतं तेही. तेव्हा ती चुलीपाशी नुसती बसून होती. तिच्या टाळक्यात काय शिरलं, बिरोबालाच ठाऊक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सहा पूर्णांक चार! तीन महिने मोजून भाकरी खाल्ली, बोटांची चाळण झाली, ऑफिसात पाहुण्यांच्या वाढदिवसाचे केक कापून वाटले आणि बोटसुद्धा चाटलं नाही. (आमचं ऑफिस म्हणजे शनिवार-रविवारच्या बंगल्यांचं. पुण्याचे लोक चुलीवरचं जेवायला येतात आणि धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून माझ्याकडे तक्रार करतात.) डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता हरकत नाही." मल्हार हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतो. फोनवर त्याला आकडा सांगितला तर त्यानं नुसता हॉर्न वाजवला. मागे गाडीत बसलेले साहेब लोक दचकले असतील.

२६ मार्च, बुधवार

आहे! दोन रेघा. उपाशीपोटी ८९.

मल्हारशिवाय कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. दुपारी म्हातारी मेंढरांकडून आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "राहिलं वाटतं." मी म्हटलं, "तुमाला कोण बोललं?" तर म्हणे, "शंभर मेंढ्यांकडं बघून कळतंया, तुझ्याकडं बघून न्हाई व्हय कळायचं?" माझी तुलना मेंढीशीच व्हायची, नशीब माझं.

३ एप्रिल, गुरुवार

आज डोकं फिरलं. गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद, सकाळी दहाला जाते ती संध्याकाळी येते. मी पाचला घरी आले तर फ्रीजमध्ये भट्टी. म्हातारीनं दिवसभर दार उघडून-झाकून गार पाणी काढलं होतं. दारातल्या कप्प्यात माझा डबा, त्यात इन्सुलिनच्या काचेच्या नळ्या. आठवड्याला एक पेनात घालायची, बाकीच्या गार ठेवायच्या. हाताला कोमट लागल्या. बाहेर अडतीस डिग्री.

मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "ह्ये गरम झालं की मेलं! आन ह्ये मेलं की मी आन पोटातलं, दोगं बी गेलो, कळलं का? गार राहिलं पायजे, गार! आन माझ्या डब्याला कुणी हात लावायचा न्हाई!"

एरवी एकाला चार ऐकवणाऱ्या म्हातारीनं पाण्याचा तांब्या नुसता खाली ठेवला. मग काठी घेतली आणि मेंढवाड्याकडे निघून गेली. नळ्या सगळ्या फेकून दिल्या, पौडला जाऊन नव्या आणल्या. उपाशीपोटी ९२ होती, संध्याकाळी १३१. ती रागानं वाढली असणार.

११ एप्रिल, शुक्रवार

उपाशीपोटी ९६. काल संध्याकाळी डबा ओला होता. बाहेरून दंव आल्यासारखा. आणि तोंड भिंतीकडे, मी कधीच तसा ठेवत नाही. म्हातारीला विचारलं. "मी कशाला लावू हात? तू नगं म्हनलीस ना." खोटं बोलताना ती पदर तोंडाला लावते. लावला होता.

आज पेनात नवी नळी घातली. आत बुडबुडेच बुडबुडे. तीनदा सुई दाबून हवा काढावी लागली. पौडचा दुकानदारसुद्धा काहीही खपवतो.

१६ एप्रिल, बुधवार

उपाशीपोटी १७४. दुपारी २३२. संध्याकाळी २६०. काल जे खाल्लं तेच आज खाल्लं. एक ज्वारीची भाकरी, माठाची भाजी, वाटीभर डाळ.

डॉक्टरबाईंना फोन केला. पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?" माहेरी, नांदे गावाला, आईला फोन केला. आईचा पहिला प्रश्न, "काय खाल्लंस गं?" मल्हार घरी आला, बूट काढायच्या आधी, "आज काय खाल्लंस?" अरे, तुमचं डोकं खाल्लं! तेवढं एकच खायचं राहिलंय.

डॉक्टरबाईंनी डोस वाढवला. लघवीत आम्ल उतरलंय का ते बघायची पट्टी स्वच्छ आली म्हणून घरी राहू दिलं, पण वही घेऊन लगेच ये म्हणाल्या. वही कशी नेऊ? उजव्या पानांवर सासूचा उद्धार केलाय. डाव्या पानांचे फोटो काढून मोबाइलवर पाठवले. त्यांना आकडेच हवेत ना.

२५ एप्रिल, शुक्रवार

सापडली. काल दुपारी डोकं जड झालं म्हणून तीन वाजताच घरी आले, तर म्हातारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात हात घालून उभी. मला बघून दचकली. "बर्फ काढीत हुते, पान्याला." जन्मात कधी बर्फाचं पाणी प्यायली नाही ही बाई, दात ठणकतात म्हणून. आणि वळताना तिच्या कनवटीतून पुडी पडली. गूळ!

म्हणजे हे आहे तर. माझ्या डाळीत, आंबिलीत, कशाकशात घालत असेल. मागच्या वेळी सुई बंद केली, यंदा गूळ चालू केला. मी विचारलं, "ह्यो कशाला?" ती म्हणाली, "असू दे. लागतंया." कुणाला लागतंया? बाईच्या तोंडात चार दात आहेत.

आजपासून माझी चूल वेगळी. बाहेरच्या पडवीत गॅसची छोटी शेगडी मांडली आहे. सासरे, म्हसूमामा, सकाळी येऊन म्हणाले, "पोरी, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "लोकांना बी सांगा, काय खाल्लं म्हून इचारायला या." बिचारे चहा न पिताच मेंढरांमागे गेले. त्यांच्यावर कशाला ओरडले मी?

३ मे, शनिवार

उपाशीपोटी १९२, दुपारी २५५. भाकरी माझी, डाळ माझी, पाणीसुद्धा माझ्या कळशीतलं. तरी! रात्रीची झोपते तेव्हा म्हातारी तोंडात गूळ पिळते की काय?

मल्हारशी कडाक्याचं भांडण. "ती आई हाय माझी. तिनं असं का करावं?" "मागच्या टायमाला केलंच ना?" तो म्हणाला, "मागच्या टायमाला ती तुझ्यापेक्षा जास्त रडली, तू बघितलं न्हाईस." मी कशाला बघू? मी दवाखान्यात पडले होते.

९ मे, शुक्रवार

२०१. २४८. २७१.

दहा युनिटवरून अठरा, अठरावरून बावीस. पाण्याची सुई घेतल्यासारखं. अकरावा आठवडा लागला. हृदय एव्हाना घडून झालं असेल. कसं घडलं ते कोण सांगणार?

२१ मे, बुधवार

अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं येतंय, तरी लिहिते.

बुधवारची माझी सुट्टी. डबा रिकामा झाला होता म्हणून सकाळी पौडवरून नव्या नळ्या आणल्या, एक तिथेच पेनात घातली. घरी येऊन दुपारच्या जेवणाआधी बावीस युनिट घेतले आणि पडवीत भाकरी थापायला बसले. दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि समोरचं सगळं पांढरं दिसायला लागलं. घामानं पाठ भिजली. जीभ जड. मशीन हातात घेतलं, आकडा ४१.

मग आठवतं ते एवढंच, की म्हातारी धावत आली, माझं डोकं मांडीवर घेतलं, कनवटीची पुडी सोडली आणि गूळ माझ्या गालाच्या आत चोळायला लागली. चोळता चोळता शिव्या देत होती. "गिळ की गं! गिळ, माझे बाय. दात नगं आवळू." दुसऱ्या हातानं साखरपाणी ढवळत होती. पंधरा मिनिटांनी ७८.

शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय बोलले असेन? "गूळच मिळाला व्हय?" तिनं माझं डोकं खाली ठेवलं आणि उठून गेली.

महिनाभर अडीचशे आणि आज एकदम एकेचाळीस. उद्या मल्हारनं सुट्टी घेतली आहे. डॉक्टरबाईंकडे नेणार, वहीसकट. त्यानं वही स्वतःच्या पिशवीत टाकली होती, ती मी लिहायला काढून घेतली, आता परत मागतोय.

२२ मे, गुरुवार

डॉक्टरबाईंनी वही उघडली. मी म्हटलं, "मॅडम, डावं पान बघा फक्त." त्यांनी उजवंच वाचायला घेतलं. सगळं! म्हातारी, तांब्या, टाळकं, सगळं. मल्हार खाली मान घालून फरशी मोजत होता. मला वाटलं फरशी फाटावी आणि आम्ही तिघांनी, पोटातल्यासकट, आत जावं.

मग त्या थांबल्या. मागे गेल्या, पुढे आल्या. पेन्सिलीनं दोन ठिकाणी रेघ मारली.

"गुरुवारी तुमच्याकडे वीज नसते?"

"नसते."

"शुक्रवारी लिहिलंयस, डबा ओला. नळीत बुडबुडे. नंतर सासूबाई बर्फाच्या कप्प्यापाशी. पुन्हा गुरुवार. काल दुकानातून आणलेली ताजी नळी थेट पेनात घातलीस, फ्रीजमध्ये न ठेवता, आणि शुगर एकेचाळीस झाली." त्यांनी वही मिटली. "उज्वला, तुझं इन्सुलिन गोठत होतं. गोठलं की ते बाद. वितळल्यावर दिसायला तेच दिसतं, पण काम करत नाही."

मला माहीत होतं हे. चौदाव्या वर्षापासून माहीत आहे, गार ठेवायचं पण गोठवायचं नाही. मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हातारीला कुणी सांगितलं होतं?

घरी पोचले ते पेटूनच. ती मेंढवाड्यात होती. पावसाळ्याआधीची मेंढरांची लस आली होती, सरकारी दवाखान्यातून, थर्मासात, बर्फावर. मी तोंड उघडायच्या आत तिनं थर्मासाचं झाकण घट्ट लावलं आणि लस टोचणाऱ्या पोराला म्हणाली, "उन्हात उघडा ठेवू नगं, लस तापंल."

मला सगळं कळलं. तरी विचारलं.

"व्हय, ठेवत हुते," ती म्हणाली. या वेळी पदर तोंडाला लावला नाही. "गुरवारी तू गेलीस की डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, तितला बर्फ टिकतो दिसभर, तू यायच्या आदी काडून जाग्यावर. एका साली लस तापली तर तेवीस कोकरं गेली आमची. तू म्हनलीस, गरम झालं की तू आन पोटातलं दोगं बी जाणार. मग मी काय करू? आन हात लावू नगं म्हनलीस, म्हून बोलले न्हाई."

"आन गूळ?"

"मल्हार म्हनला हुता ना, शुगर खाली गेली की गोड द्यायचं लगी. तवापासनं कनवटीला हाय. संक्रातीच्या आदीपासनं."

मी तिला सांगितलं, गोठलं तरी औषध मरतं. तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती मेंढवाड्याच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "मंग पोटातल्याला म्या मारलं का गं?"

मी म्हटलं, हृदय तपासतील तवा कळंल. मला माहीतच नव्हतं. आणि मला एवढा राग आला होता, एवढा, की ओरडायला माणूस शोधत होते आणि सापडत होते ती मीच. गार पाहिजे, गार, म्हणून गल्लीभर कोण बोंबललं होतं? समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. दोन वर्षं मी तिच्याशी दोन मिनिटं नीट बोलले नव्हते.

८ जुलै, मंगळवार

उपाशीपोटी ८८. मे महिन्यापासून आकडे शहाण्यासारखे वागताहेत. पण आज आकड्यांचा दिवस नव्हता. आज बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, पुण्यात.

म्हातारी न सांगता गाडीत येऊन बसली. बावीस मेपासून ती फ्रीजच्या वाऱ्याला उभी राहिलेली नाही. पाणी लागलं तरी म्हसूमामांना उठवते. दवाखान्यात नंबर अठरावा. बाकावर दोघी शेजारी, मल्हार गाडी लावायला गेलेला. तिनं माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट दाखवलं.

"मल्हार म्हनत हुता, ह्यात माझं लिवलंय. वाच."

"आकडे हायेत, आत्या."

"आकडे एका पानाला. दुसऱ्या पानाला काय हाय? वाच."

मी वाचलं. चोरून एखादं वाक्य गाळायला जायचे, की ती म्हणायची, "हितं थांबलीस. गाळू नगं." म्हातारी, तांब्या, टाळकं, मागच्या वेळी सुई बंद केली, यंदा गूळ चालू केला. तोंडात गूळ पिळते की काय, तेही. शेजारची बाई मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. तरी मी थांबले नाही.

संपलं तेव्हा तिनं वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. मग म्हणाली, "बास? एवढंच? मी तर तुला ह्येच्याहून वंगाळ बोललीया. रोज. मेंढरांम्होरं. मला लिवता येत न्हाई, म्हून तू वाचलीस."

मला हसू आलं की रडू, कोण जाणे. तेवढ्यात नंबर आला.

आतल्या डॉक्टरांनी अर्धा तास पोटावर ते यंत्र फिरवलं. पडद्यावर रेघा ओढत राहिले. मी छताचे चौकोन मोजले, चौसष्ट. ती माझ्या पायाशी उभी होती, माझा अंगठा धरून, मेंढीला धरतात तसा घट्ट. शेवटी ते म्हणाले, "हृदयाचे चारही कप्पे व्यवस्थित आहेत. झडपा छान आहेत. काळजीचं काही दिसत नाही."

"पुन्यांदा सांगा," म्हातारी म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"अजून एकडाव."

त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मग ती खाली फरशीवरच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. नर्स म्हणाली, आजी, बाहेर बसा. मी नर्सवर ओरडले, "बसू द्या की हितंच!"

१७ जुलै, गुरुवार

उपाशीपोटी ९१. दुपारी ११८.

मी ऑफिसात. एरवी गुरुवारी नळ्यांची सोय मीच करून निघते, आज घाईत विसरले. बंगला नंबर सातच्या पाहुण्यांना गिझर का चालत नाही हे समजावत होते, वीज नाही म्हणून, आणि ते मला वीज का नाही ते विचारत होते. तेवढ्यात फोन वाजला. आत्या. ती स्वतः कधी फोन लावत नाही. शेजारच्या सायलीकडून लावून घेतला असणार.

"वीज गेली," ती म्हणाली. "डब्याला हात लावला न्हाई. दहापासनं फ्रीजम्होरं बसलीया, कुणाला उघडू दिला न्हाई. मेंढरं तुझ्या सासऱ्यानं नेली. आता काय करू, सांग."

तीन तास! मी आधी तिला झापलं, गुडघे दुखतात आणि फरशीवर कशाला बसलात, हा काय देवीचा पहारा आहे का. मग डॉक्टरबाईंनी शिकवलेलं सांगितलं. कोपऱ्यात पाण्याचा माठ आहे. स्टीलचा छोटा डबा घ्यायचा, त्यात नळ्या ठेवायच्या, झाकण घट्ट लावायचं, आणि डबा माठाच्या पाण्यात सोडायचा. बर्फ नको. माठाचा गारवा पुरतो.

पलीकडे भांड्यांची खडखड झाली, स्टीलचा डबा काढला असणार. मग खडखड थांबली.

"आत्या?"

"मी लावू हात?"

पाहुणे समोर गिझरसाठी ताटकळत उभे होते. उभे राहू देत.

"तुमीच लावा," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय हाय कोण तितं? आन फ्रीजचं दार नीट लावा, एप्रिलात दिसभर उघडझाक चालली हुती तुमची."